टेबल बदललं तसा कायदाही बदलला

मी अमेरिकेतल्या एका शहराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेत नोकरी करते. आधी वेळापत्रक विभागात होते. कुठल्या मार्गावर किती गाड्या सोडायच्या, किती मिनिटांच्या अंतराने, गर्दीच्या वेळी डबे किती जोडायचे, याची गणितं मांडायचं काम. तिथे असताना मी कुठलं औषध घेते, सुट्टीच्या दिवशी काय पिते, हे कुणी कधी विचारलं नाही. विचारायचा त्यांना अधिकारच नव्हता. मग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, रेल्वे कंट्रोल सेंटरमध्ये माझी बदली मंजूर झाली आणि हातात पहिला कागद पडला तो ड्रग टेस्टचा. निकाल निगेटिव्ह येईपर्यंत नव्या खुर्चीत बसता येणार नव्हतं.

आपल्याकडची बरीच मंडळी इथे पालिका, बससेवा, विमानतळ अशा ठिकाणी कामाला लागतात. समोर येईल त्या फॉर्मवर सही करतात आणि मोकळी होतात. मला तसं करवलं नाही. चाचणीला माझा विरोध होता म्हणून नव्हे. धावत्या गाड्यांना मार्ग मोकळा करून देणारा माणूस नशेत नसावा, हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण माझ्या शरीरातून निघालेल्या माहितीतली नेमकी किती माहिती मालकाला मिळणार आणि ती कुणाच्या टेबलावर जाणार, हे कळल्याशिवाय सही करायची नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून आधी वाचन केलं. युनियनच्या प्रतिनिधीने नियमावली दिली आणि काही निकालांची नावं सांगितली.

वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी. अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून माणसाला संरक्षण देते, पण ते सरकारपासून. खाजगी कंपनीने कामगाराची लघवी तपासली तर प्रश्न त्या राज्याच्या कायद्याचा आणि करारमदाराचा असतो. मालक सरकार असेल तर मात्र नोकरीच्या अटीलाही घटनेची चौकट लागते. 21 मार्च 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्ही न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेले आहेत.

पहिला निकाल रेल्वे कामगार संघटनांच्या दाव्यातला, स्किनर खटला म्हणून ओळखला जाणारा. रक्त, श्वास किंवा लघवी घेऊन तपासणं ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, हे त्यात स्वच्छ मान्य केलं आहे. लघवी करण्याइतक्या खाजगी गोष्टी आपल्या समाजात फार थोड्या, हे खालच्या न्यायालयाचं वाक्य सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. तरीही 7 विरुद्ध 2 मतांनी चाचणी वैध ठरली, आणि तीही वॉरंटशिवाय, अमुक एका माणसावर संशय नसताना. कारण न्यायालयासमोर नोंदी होत्या. 1972 ते 1983 या काळात रेल्वेचे किमान 21 मोठे अपघात असे झाले होते, ज्यांच्या कारणांत दारू किंवा अमली पदार्थ होते. त्यांत 25 माणसं गेली होती.

दुसरा निकाल कस्टम्सच्या कर्मचाऱ्यांचा, व्हॉन राब खटला. तिथे बंदूक बाळगणाऱ्या आणि तस्करीविरोधी पथकात जाणाऱ्यांची चाचणी 5 विरुद्ध 4 अशी जेमतेम टिकली. रेल्वेच्या खटल्यात सरकारच्या बाजूने असलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया इथे विरोधात गेले. त्यांचा मुद्दा असा होता की रेल्वेत धोक्याचा पुरावा होता, इथे तो दिसत नाही. कस्टम्सने जवळपास 3,600 जणांची चाचणी केली, त्यांत पॉझिटिव्ह निघाले पाच. मग हे सगळं केवळ दाखवण्यासाठी चाललंय का, असं त्यांनी विचारलं. ते असहमतीचं मत मी दोनदा वाचलं. राजकीय विचाराने स्कालिया माझ्यापासून फार लांबचे, पण ही शंका माझ्या मनातली होती.

पुढे 1997 मध्ये जॉर्जिया राज्याचा एक कायदा न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी रद्द केला. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनी आधी ड्रग टेस्ट द्यावी, असा तो कायदा होता. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं की चांगला संदेश देणं हे झडतीला पुरेसं कारण नाही, खरीखुरी गरज दाखवा. आणि 2011 मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी आपल्या अखत्यारीतल्या सगळ्याच सरकारी नोकरांची चाचणी घ्यायचा आदेश काढला, तेव्हा कर्मचारी संघटना न्यायालयात गेली. 2013 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की सरसकट चालणार नाही, कुठल्या कामाला का हवी ते प्रकारागणिक पटवून द्या. गव्हर्नरांचं अपील ऐकायला 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

माझ्या बाबतीत काय घडत होतं ते यावरून स्पष्ट झालं. वेळापत्रक विभागात संशयाशिवाय माझी चाचणी घेतली असती तर संस्थेला ती कोर्टात टिकवता आली नसती. कंट्रोल सेंटरमध्ये न घेणं हा नियमभंग. गाडी चालवणारे, गाड्यांची देखभाल करणारे, सुरक्षेसाठी शस्त्र बाळगणारे आणि गाड्यांची ये-जा नियंत्रित करणारे, एवढ्यांनाच केंद्राच्या नियमात ‘सेफ्टी-सेन्सिटिव्ह’ म्हटलं आहे. मी शेवटच्या गटात जात होते.

शहरी वाहतुकीला हा नियम सुखासुखी लागलेला नाही. केंद्राने आधी एकदा तो लावून पाहिला होता, पण वाहतूक कामगारांच्या संघटनेने आव्हान दिल्यावर 1990 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो मोडीत काढला. तसा अधिकार संसदेने त्या खात्याला दिलेलाच नाही, असं कारण दिलं. मग 28 ऑगस्ट 1991 ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर स्टेशनाजवळ दारू प्यायलेल्या मोटरमनची सबवे गाडी रुळांवरून घसरली आणि पाच प्रवासी मेले. त्याआधी, जानेवारी 1987 मध्ये मेरीलँडमधल्या चेस गावाजवळ मालगाडीची इंजिनं सिग्नल ओलांडून पॅसेंजर गाडीच्या वाटेत आली होती. त्यात 16 जण गेले आणि इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीत गांजाचा अंश सापडला होता. 1991 च्या ऑक्टोबरात संसदेने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा केला. कंट्रोल सेंटरला प्रशिक्षण घेताना हे अपघात शिकवले जातात. ते ऐकल्यावर चाचणीच कशाला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नमुना घेण्याचं काम संस्था स्वतः करत नाही, बाहेरच्या एका क्लिनिकला दिलेलं आहे. तिथे गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं आणि एक छापील फॉर्म पुढे सरकवला. क्लिनिकचाच फॉर्म होता. माझ्या सर्व वैद्यकीय नोंदी मालकाला द्यायला माझी संमती आहे आणि निकालात चूक झाल्यास क्लिनिकवर दावा करणार नाही, असा त्यातला मजकूर. मी सही करणार नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, मग तुमची ‘टेस्टला नकार’ अशी नोंद होईल.

हे वाक्य किती भीतिदायक आहे ते नियम माहीत असलेल्यालाच कळेल. नकार म्हणजे पॉझिटिव्ह आल्यासारखंच. बदली गेली, आणि तो डाग पुढच्या नोकरीपर्यंत मागे लागतो. मी पर्समधून परिवहन खात्याच्या नियमावलीचं पान काढलं. आम्ही तिला नुसतं ‘पार्ट फॉर्टी’ म्हणतो. त्यातलं कलम 40.27 सांगतं की नमुना देण्यासाठी कर्मचाऱ्याकडून संमतिपत्र, माहिती उघड करण्याची परवानगी किंवा दाव्याचा हक्क सोडल्याचं पत्र मागायचं नाही. सही करायची ती फक्त केंद्राच्या अधिकृत फॉर्मवर, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते नोंदवणाऱ्या. बाईंनी पान वाचलं, आतून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलले आणि शेवटी फॉर्म मागे घेतला. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, इतकंच. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्या तोच फॉर्म देत होत्या, आणि प्रत्येक जण सही करत होता.

पुढची प्रक्रिया मात्र नियमाबरहुकूम झाली, आणि ती तशी बारकाईने ठरवलेली आहे हे मान्य करायला हवं. कोट बाहेर काढून ठेवायचा, खिसे उलटे करून दाखवायचे, पाकीट जवळ ठेवता येतं. हात आधी धुवायचे, कारण आतलं पाणी बंद केलेलं असतं आणि कमोडमध्ये निळा रंग टाकलेला असतो, कुणी पाणी मिसळू नये म्हणून. दार लावून आत एकटीनेच जायचं. बाहेर आल्यावर कप हातात द्यायचा. किमान 45 मिलिलिटर लागतं. चार मिनिटांच्या आत तापमान बघतात, 32 ते 38 अंश सेल्सियसच्या दरम्यान असावं लागतं. मग माझ्या डोळ्यांसमोर दोन बाटल्यांत वाटणी, एकीत 30 आणि दुसरीत 15. दोन्हींवर सील आणि सीलवर माझी आद्याक्षरं. दुसरी बाटली माझ्या हक्काची. पहिलीचा निकाल पॉझिटिव्ह ठरवून कळवला, तर 72 तासांच्या आत दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तिची तपासणी मागता येते.

कुणी समोर उभं राहून नमुना घेणं हे सर्रास होत नाही. तापमान बसलं नाही, नमुन्यात फेरफार दिसला, किंवा आधी पॉझिटिव्ह येऊन परत कामावर घेतलेला माणूस असेल, अशाच वेळी ते होतं, आणि पाहणारी व्यक्ती त्याच लिंगाची असावी लागते. ज्यांना परक्या ठिकाणी लघवीच होत नाही त्यांची वेगळी कुचंबणा. आमच्यातल्या एका मोटरमनला तीन तास बसवून ठेवलं होतं. त्या वेळात जास्तीत जास्त 40 औंस, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पाणी पिता येतं, आणि तरीही झाली नाही तर डॉक्टरांकडून कारण सिद्ध करावं लागतं. त्याला ते जमलं, पण वैद्यकीय तपासणीत त्याला जे जे सांगावं लागलं ते कुणालाही परक्यासमोर बोलायला आवडणार नाही. 2023 मध्ये नियमात लाळेच्या नमुन्याचा पर्याय आला. त्यासाठी केंद्राची मान्यता असलेल्या किमान दोन प्रयोगशाळा लागतात, एक पहिल्या तपासणीला आणि एक फेरतपासणीला. माझी चाचणी लघवीचीच झाली. लाळेची सोय लवकर सर्रास व्हावी असं मला मनापासून वाटतं. निम्मी मानहानी तिथेच संपेल.

केंद्राच्या त्या फॉर्मच्या प्रतींबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आपण घेत असलेली औषधं कुठे लिहायची असतील तर फक्त आपल्या स्वतःच्या प्रतीच्या पाठीमागे, पुढे फोन आलाच तर आठवावीत म्हणून. बाकीच्या कुठल्याही प्रतीवर ती लिहायची नसतात. तरी “काही औषधं चालू आहेत का” असा प्रश्न क्लिनिकमध्ये सहज विचारतात. उत्तर द्यायची गरज नाही. त्या टेबलाला ते जाणून घ्यायचा अधिकार नाही.

पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि मी कंट्रोल सेंटरला रुजू झाले. यानंतर असते ती रँडम, म्हणजे कधीही, आगाऊ सूचना न देता. शहरी वाहतुकीत 2019 पासून दर वर्षी सेफ्टी-सेन्सिटिव्ह कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या 50 टक्के इतक्या ड्रग टेस्ट घ्याव्या लागतात. आधी हे प्रमाण 25 टक्के होतं. नावं संगणक काढतो, प्रत्येक वेळी सगळी नावं पुन्हा एकत्र, त्यामुळे एखाद्याचं नाव लागोपाठ येतं आणि एखाद्याचं वर्षानुवर्षं येत नाही. नाव आलं की हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवून तडक निघायचं.

माझं नाव आलं ते अक्कलदाढ काढल्यानंतरच्या आठवड्यात. दाताच्या डॉक्टरांनी दुखण्यावर हायड्रोकोडोन, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, असलेल्या गोळ्या दिल्या होत्या. झोप आणणारं औषध अंगात असताना ड्यूटीवर यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो योग्यच आहे. मी सुट्टीच्या दिवसांत रात्री त्या घेतल्या, दुखणं कमी झाल्यावर बंद केल्या आणि मग कामावर आले. डोकं पूर्ण ताळ्यावर होतं. पण लघवीतला अंश औषधाचा परिणाम संपल्यावरही दोन-तीन दिवस राहतो. हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन आणि त्यांच्या जातीची आणखी दोन औषधं 1 जानेवारी 2018 पासून वाहतुकीच्या चाचणीत तपासली जातात.

या चाचण्यांचं मर्म मला इथे कळलं. चाचणी सांगते की तो पदार्थ किंवा त्याचा अंश शरीरात आहे. तुम्ही आत्ता कामाला लायक आहात की नाही हे ती सांगत नाही. गांजाच्या बाबतीत तर नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश काही आठवडेही सापडू शकतो. राज्यात गांजा कायदेशीर असला, डॉक्टरांनी लिहून दिलेला असला, तरी केंद्राच्या वाहतूक नियमात ती सबब चालत नाही. म्हणजे मालकाची नजर ड्यूटीच्या आठ तासांवर थांबत नाही, ती सुट्टीच्या दिवशी घरात शिरते. दारूचं तसं नाही. श्वासातली दारू आत्ताची असते, त्यामुळे ती चाचणी बरीचशी कामाच्या वेळेपुरती राहते. कामाच्या वेळची लायकी नेमकी मोजणारी चाचणी हाती येत नाही तोवर ही घुसखोरी चालूच राहणार, आणि ती घुसखोरी आहे एवढं तरी कबूल करायला हवं.

खसखशीचा प्रश्नही यातलाच. खसखशीत मॉर्फीनचा अंश असू शकतो. पूर्वी मॉर्फीन आणि कोडीनची मर्यादा दर मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती. तिच्यात नुसती खसखस खाल्लेले लोकही सापडत, म्हणून 1998 मध्ये ती 2,000 वर नेली. त्याहूनही जास्त निघालं तरी 15,000 च्या खाली असेल, तर गैरवापराची वैद्यकीय लक्षणं दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह धरत नाहीत. अमेरिकी संरक्षण खात्याने 2023 च्या फेब्रुवारीत आपल्या सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं होतं. दिवाळीत अनारसे खावेत की नाही, असं इथल्या मराठी ड्रायव्हर आणि मोटरमन लोकांनी मला विचारलेलं आहे. मी त्यांना हे आकडे सांगते.

प्रयोगशाळा निकाल थेट मालकाला पाठवत नाही, आणि या व्यवस्थेत खाजगीपणाचं सर्वांत भक्कम कुंपण कुठलं असेल तर ते हेच. निकाल जातो मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरकडे, एमआरओकडे. तो डॉक्टर असतो. नमुन्यात काही सापडलं तर तो आधी कर्मचाऱ्याशी बोलतो, प्रिस्क्रिप्शन तपासतो आणि मगच मालकाला कळवतो. कायदेशीर कारण असेल तर मालकाकडे एकच शब्द जातो, निगेटिव्ह. कुठलं औषध, कशासाठी, हे काही जात नाही. शिवाय त्या नमुन्यावर ठरलेल्या पदार्थांपलीकडे दुसरं काही तपासायला बंदी आहे. डीएनए नाही, गर्भारपण नाही, मधुमेह नाही.

कागदावर हे असं आहे. माझ्या वेळी झालं ते निराळं. एमआरओच्या ऑफिसचे फोन आले तेव्हा मी रात्रपाळी करून झोपलेली होते. फोन लागला नाही तर एमआरओने 24 तासांत किमान तीनदा प्रयत्न करायचे, आणि मग संस्थेने नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला एवढंच सांगायचं की अमुक कर्मचाऱ्याला मला फोन करायला सांगा. निकाल काय आहे ते त्यालाही सांगायचं नाही. आणि त्या अधिकाऱ्याने हा निरोप होता होईल तो गुप्तपणे पोचवायचा, असं नियमात शब्दशः आहे. आमच्या अधिकाऱ्याने तो शिफ्ट मॅनेजरला दिला. मॅनेजरने सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, “टेस्टवाल्या डॉक्टरला लगेच फोन कर.”

कंट्रोल सेंटरमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की निगेटिव्हसाठी डॉक्टर फोन करत नाही. निकालाचा एक शब्दही कुणी उच्चारला नव्हता, तरी तो सगळ्या खोलीला कळला होता. माझ्या शेजारी बसणारा सहकारी, चांगला माणूस, त्याने माझ्याकडे पाहणं टाळलं. मॅनेजरने मला गाड्यांच्या पडद्यावरून उठवलं आणि निकाल येईपर्यंत कागदपत्रं लावायला बसवलं.

मी आधी फोन केला, कारण निरोप मिळाल्यापासून 72 तासांत बोलणं झालं नाही तर एमआरओ न बोलताच पॉझिटिव्ह ठरवू शकतो. डॉक्टरांनी ओळख पटवून घेतली आणि मग जे सांगितलं त्याने मी सावध झाले. ते म्हणाले, मी प्रश्न विचारण्याआधी तुम्हाला कळायला हवं की तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमच्या कामात सुरक्षेला मोठा धोका आहे असं मला वाटलं, तर ती माहिती तुमच्या संमतीशिवाय मालकाला देणं मला भाग आहे. कुंपणाला फट आहे ती इथे. मी प्रिस्क्रिप्शनची माहिती दिली, त्यांनी औषधाच्या दुकानातून खातरजमा करून घेतली. अजून घेता का, विचारलं. नाही म्हटलं, तारीख सांगितली. निकाल निगेटिव्ह ठरला आणि वेगळं सुरक्षेचं पत्र गेलं नाही. औषध चालू असतं तर पाच कामकाजाचे दिवस मिळाले असते, त्या काळात माझ्या डॉक्टरांनी एमआरओशी बोलून औषध बदलता येतं का ते पाहायचं. पाठीच्या दुखण्यावर किंवा मनाच्या आजारावर कायमची औषधं घेणाऱ्यांसाठी हे पाच दिवस फार मोलाचे आहेत. त्यांच्या डॉक्टरांना याची कल्पना नसते, ती आपणच द्यावी लागते.

फोन ठेवून मी युनियनच्या प्रतिनिधीला गाठलं. कलम 40.21 त्यांना तोंडपाठ होतं. एमआरओने निकाल पक्का करण्याआधी, केवळ प्रयोगशाळेत काही सापडलंय या अंदाजावर, कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला करायचं नाही. करायचं असेल तर संस्थेकडे केंद्राची खास सूट हवी, आणि आमच्याकडे ती नाही. त्यांनी मॅनेजरला हे शांतपणे वाचून दाखवलं. तोवर निकालही आलेला होता आणि मी माझ्या पडद्यासमोर परत बसले.

मनुष्यबळ विभागातून दुसऱ्या दिवशी एक ईमेल आला. सौजन्याने लिहिलेला होता. “भविष्यात गोंधळ होऊ नये म्हणून” मी कुठली औषधं घेते त्याची यादी द्यावी, अशी विनंती. इथे दुसरा कायदा मदतीला येतो, 1990 चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा. बेकायदा अमली पदार्थांची चाचणी ही त्या कायद्याने वैद्यकीय तपासणी मानली जात नाही, म्हणून ती चालते. पण कुठली औषधं घेता, हा प्रश्न त्याच कायद्याच्या कक्षेत येतो आणि कामाशी थेट संबंध आणि खरी गरज असेल तरच विचारता येतो. मी तेवढंच लिहून कळवलं. यादी दिली नाही. पुन्हा मागितली गेली नाही.

त्यानंतर मी माझ्या चाचणीच्या सगळ्या नोंदी लेखी मागवल्या. मागणी केल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत त्या द्याव्या लागतात, आणि त्या आल्या. संस्थेच्या फाइलमध्ये खरोखरच एकच शब्द होता. निगेटिव्ह निकालाच्या नोंदी एक वर्ष ठेवतात, पॉझिटिव्हच्या पाच वर्षं. फाइल स्वच्छ होती. पण त्या खोलीत जे बोललं गेलं त्याची कुठल्याच फाइलमध्ये नोंद नव्हती, आणि खोडायचं म्हटलं तरी ते खोडता येण्यासारखं नव्हतं. काही आठवडे मला प्रत्येक शिफ्टला जाणवत राहिलं की माझ्या सूचना लोक दोनदा तपासून घेतायत. एका सहकाऱ्याला मी स्वतःहून दाढेचं सांगितलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. मला ते सांगावं लागलं, हीच तर माझी तक्रार होती.

मी रीतसर तक्रार दाखल केली, युनियनमार्फत. भरपाई मागितली नाही. दोन गोष्टी मागितल्या. एमआरओचा निरोप संपर्क अधिकाऱ्याने स्वतः, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फोनवर किंवा बंद खोलीत द्यावा, मधे शिफ्ट मॅनेजर नसावा. आणि क्लिनिकने तो संमतीचा फॉर्म आमच्या कर्मचाऱ्यांपुढे ठेवू नये. पहिली मागणी व्यवस्थापनाने मान्य केली, लेखी परिपत्रक काढलं आणि सगळ्या मॅनेजरांना त्याचं प्रशिक्षण दिलं. क्लिनिकच्या फॉर्मवर अजून पत्रव्यवहार चालू आहे. मध्यंतरी कलम 40.27 छापलेली छोटी कार्डं युनियनने वाटली आहेत. नवीन भरती झालेल्यांना पहिल्याच दिवशी मी ते कार्ड देते आणि क्लिनिकला जाताना बरोबर ठेवायला सांगते.